नंदनवनाचं दुसरं नाव

थांडेका सून होऊन इंदोरा वस्तीतल्या घरी आली, तेव्हा सासूबाई सिंधूताईंनी तिच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. त्यांचा मुलगा अंकुश दक्षिण आफ्रिकेत खाणीवर इंजिनिअर होता, तिथली ही खोसा मुलगी. खोसा आणि झुलू, न्गुनी भाषाकुळातल्या दोघी बहिणी. आईशी फोनवर बोलताना थांडेकाची जीभ मधूनच टक्कन वाजे, बैल हाकल्यावाणी.

मराठी ती भराभरा शिकली. काही शब्द मात्र गिळून टाकायची. अंकुशच्या बहिणीला, पिंकीला, कधी नणंद म्हटलं नाही. नवी साडी नेसवून सिंधूताईंनी विचारलं, "आनंद झाला का वं?" तर खाली मान घालून गप्प. सिंधूताईंना काळजी लागली. तिकडची कंपनी अंकुशला परत बोलावत होती. पोरीचा जीव इथं रमला नाही, तर दोघंही जाणार.

रविवारी पिंकीनं सगळ्यांना नंदनवन वस्तीतल्या आपल्या घरी जेवायला बोलावलं. थांडेका सदरच्या बाजारातून एकटीच ऑटोनं निघाली. "बागेच्या वनात चला," म्हणाली. ऑटोवाल्यानं नेलं अंबाझरीच्या बागेत! ती फिरून पिंकीकडे पोचली तेव्हा पानं वाढून झाली होती.

"एवढं सोपं नाव!" पिंकी भडकली. "माह्यं घरच नको हाय तुले. मन ना वं, नंदनवन!"

थांडेकानं ओठांवर हात ठेवला. "नाही म्हणत. त्यात बाबांचं नाव आहे."

सासरे आनंदरावांचा घास हातातच राहिला.

"आमच्यात सून सासऱ्याचं नाव घेत नाही. नावाचा तुकडा किंवा त्याच्यासारखा आवाज ज्या शब्दात येतो, तो शब्दही सोडते. दुसरा शोधते. त्याले ह्लोनिफा म्हणतात. मान ठेवणं."

आनंद. नणंद. नंदनवन. सिंधूताई एकेक शब्द मनात फिरवत राहिल्या, आणि मग हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "अवं माय! मी बी यायले पिंकीचे बाबाच मनतो."

"मंजे घरात दोन बायका, अन् माह्यं नाव कोणाच्याच तोंडी नाही!" आनंदराव म्हणाले.

"तुमी जेवा गुमान!" सिंधूताईंनी सुनेचा हात धरला. "तो शब्द सोडून सांग पोरी, कसं वाटते इथं?"

थांडेकानं दुसरा शब्द शोधला. "काटोलले संत्र्याची फुलं पाहिली होती ना आपण? गाडीतही वास येत होता. मले तसं वाटते. बहर आला."

जात्यावरची चाल सिंधूताईंच्या ओठी आपसूक आली:

*सून माझी दूरदेशी, शब्द बोलते जपून*
*सासऱ्याचं नाव ठेवी, ओठाआड लपवून*

अंकुश हळूच म्हणाला, "मंग कंपनीले येत नाही मनून कळवू ना?" थांडेकानं मान डोलावली, आणि पिंकीनं तिच्या पानात पुरणपोळी वाढली, वर तुपाची धार.

पुढल्या खेपेपर्यंत सासू-सुनेच्या बोलण्यात नंदनवनाचं बहरवन झालं होतं. दोघी ऑटोत बसल्या. सिंधूताई सवयीनं बोलून गेल्या, "बहरवनात चाल रे बापू."

"हे कुठं आलं, माय?"

सिंधूताईंनी सुनेकडे पाहिलं आणि तिच्यासारखाच ओठांवर हात ठेवला. थांडेका हसत पुढे वाकली आणि हातानंच रस्ता दाखवू लागली.