दोन दारांचा तंबू

तंबू विकणारे लोक 'दोन माणसांसाठी' असं लिहितात, पण ती दोन माणसं केवढी हे कुणीच लिहीत नाही. माझ्या हिशेबाने ती दोन माणसं म्हणजे एक माणूस आणि त्याची छत्री असावी. गेला महिनाभर मी हेच वाचत होते. आर्वी नाक्याजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक आधार कार्ड पुढे करायचं, मशीन पानं ओकत राहायचं, आणि मी मोबाइलवर तंबूंच्या जाहिरातींखालचे लोकांचे अभिप्राय वाचत बसायची. कुणाचा तंबू पहिल्याच वाऱ्यात मोडला होता, कुणाच्या तंबूत श्वासाचंच पाणी होऊन अंगावर ठिबकलं होतं, कुणाची चेन अशी अडकली की सकाळपर्यंत निघालीच नाही. त्या चेनवाल्याने तरीही पाचपैकी चार तारे दिले होते. असल्या लोकांच्या भरवशावर माझा जीव टांगणीला लागला होता.

तंबू माझ्यासाठी नव्हता. माझ्या धाकट्या भावाला, योगेंद्रला, पाठीवर सामान घेऊन उत्तराखंडातले डोंगर चढायला जायचं होतं. सोबत त्याचा मित्र रोशन. दोघंच. तिकडे भाड्याने घेण्यापेक्षा इथूनच स्वस्तातला तंबू न्यायचा, चार हजारांच्या आत, असं त्यांनी ठरवलं होतं. यात मला घाबरण्यासारखं काय होतं? एवढंच, की योगूला मिरगी आहे आणि रोशनला ते ठाऊक नव्हतं.

आमच्या घरात हा शब्द कुणी उच्चारत नाही. आई 'त्याचं ते' म्हणते. आमच्या न्हाणीघराला आतून कडी नाही. पाहुण्यांनी विचारलं तर 'परवाच तुटली' असं सांगतो, आणि ही परवा योगू नववीत होता तेव्हाची आहे. योगू मोटरसायकल चालवत नाही, रोशनच्या मागे बसतो. कुणी चिडवलं तर 'त्याले आळसच लय' असं आई परस्पर सांगून मोकळी होते. पोरगा आळशी ठरला तरी चालेल, आजारी ठरता कामा नये.

"मिरगीचं घर म्हणतीन लोक," आई म्हणते. "मंग त्यालेबी पोरगी भेटत नाई अन् तुलेबी कोणी पाहाले येत नाई." मला पाहायला तसंही कुणी रांग लावून उभं नव्हतं, पण आईपुढे बोलायची सोय नाही.

डॉक्टर मात्र स्पष्ट बोलले होते. दोन पोळे कोरडे गेले होते, म्हणजे दोन वर्षांत एकही झटका आला नव्हता, आणि गोळ्या वेळेवर चालू होत्या. "जाऊ द्या त्याला," डॉक्टर म्हणाले. "गोळी चुकवू नका, जागरण करू नका, आणि सोबत झोपणाऱ्याला सगळं नीट सांगून ठेवा." आईने यातलं शेवटचं वाक्य दवाखान्यातच ठेवून दिलं. मी योगूच्या मागे लागले, रोशनला सांग म्हणून. "सांगतो न ताई," म्हणायचा आणि कानात मोबाइलच्या वायरी घालायचा. मीच सांगितलं असतं, तर आईने घरात पाय ठेवू दिला नसता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

मग जे रोशनला सांगता येत नव्हतं ते सगळं मी तंबूकडून करून घ्यायला निघाले. योगूला आवडलेला तंबू वजनाला दोन किलो, पायाकडे निमुळता आणि डोक्याकडे एकच दार असलेला होता. योगूला झटका आला की त्याचे हातपाय चारी बाजूंना आपटतात. त्या निमुळत्या पिशवीत तो दांड्यावर डोकं आपटेल, दाराशी आडवा पडेल, रोशनला बाहेर पडता येणार नाही आणि बाहेरच्याला आत शिरता येणार नाही, हे चित्र मी दिवसातून कितीदा पाहत होते. मला हवा होता चौकोनी, रुंद, दोन्ही कुशींना एकेक दार असलेला तंबू. तो होता साडेतीन किलोचा आणि चार हजारांच्या थोडा वर.

"दोन दरवाजे कायले पायजे?" योगू म्हणाला. "तंबू हाय का टॉकीज?"

"हवा खेळती राह्यते," मी म्हटलं.

"डोंगरावर हवाच तर हाय, ताई. दुसरं काय हाय तिथं?"

शेवटी ठरलं, की फोटो पाहून भांडण्यापेक्षा दुकानात जाऊन तंबू उभा करून पाहायचा. बंडूजींचं दुकान मूळचं ताडपत्री, रेनकोट आणि शाळेच्या दप्तरांचं. हल्ली पोरं ट्रेकला जायला लागली तसे त्यांनी तंबूही ठेवले होते. मे महिन्याची दुपार, वर्ध्याचं ऊन. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. दुकानाच्या माडीवर मोठा कूलर घरघरत होता आणि बंडूजी घाम पुसत योगूच्या आवडीचा तंबू उभा करत होते. खाली आमच्या गल्लीतल्या अनुसयाबाई नातवासाठी दप्तर पाहत होत्या. आम्हाला पाहून त्याही जिना चढून वर आल्या. दप्तरं खालीच होती, पण ते जाऊ दे.

"लय हलका माल हाय, ताई," बंडूजी म्हणाले. "पाठीवर हाय का नाई, समजतच नाई."

"वजनाचं जाऊ द्या. चेन कशी हाय?"

"एक नंबर."

मी वाकून चेन ओढली. दोनदा सरळ गेली. तिसऱ्यांदा कापडाची कड दातात धरून थांबली. बंडूजींनी झटका देऊन सोडवली आणि म्हणाले, नवीन आहे म्हणून. नवीन चपला चावतात हे मला माहीत होतं, नवीन चेनही चावते हे त्या दिवशी कळलं.

योगू आणि रोशन बूट काढून आत शिरले. रोशन अंगाने दांडगा. लहानपणापासून आमच्याकडे जेवलेला, त्यातलं बरंचसं अंगी लागलेला. आत गेल्यावर दोघांचे खांदे कापडाला टेकले आणि तंबू दोन्हीकडून फुगला. "पाहा, मस्त मावलो," योगू आतून ओरडला आणि त्याने चेन लावून घेतली.

मी बाहेर उभी. कापड केशरी रंगाचं होतं. आतलं काही दिसत नव्हतं, नुसतं कुठे कोपर, कुठे गुडघा वर येऊन जात होता. थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. कूलरच्या घरघरीत आला असता तरी ऐकू आला नसता. मग तंबू हलला.

आधी एक कोपरा थरथरला. मग सगळा तंबू गदागदा हलायला लागला. दांडा वाकला आणि सरळ झाला, पुन्हा वाकला. कापडावर आतून काहीतरी आपटत होतं, भराभर, न थांबता. मी गुडघ्यांवर पडले आणि चेन ओढली. चेन अडकली.

"रोशन!" मी किंचाळले. "कुशीवर वळव त्याले! दाबून नको धरू! तोंडात काई घालू नको! मिरगी आली त्याले, मिरगी! कुशीवर वळव!"

बंडूजी धावले, त्यांनी माझ्या हातातून चेन घेतली आणि दोन्ही हातांनी अशी ओढली की शिवण उसवली. दार उघडलं. आत दोन घामेजलेली तोंडं एकमेकांवर पडली होती. रोशन योगूला गुदगुल्या करत होता, दोघांचं हसू अजून पुरतं विरलं नव्हतं.

"काई नाई झालं, ताई," रोशन म्हणाला. "आम्ही हासून राह्यलो."

योगूच्या चेहऱ्यावरचं हसू मात्र मावळलं. तो माझ्याकडे पाहत होता. बंडूजींनी हात लांबवून कूलर बंद केला, म्हणजे सगळं नीट ऐकू यावं. अनुसयाबाईंनी तोंडाला पदर लावला. मी जे इतकी वर्षं गिळून ठेवलं होतं ते भर दुकानात ओकून टाकलं होतं, आणि आम्ही घरी पोचायच्या आत ते आईच्या कानावर जाणार होतं. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सीतेला तिने घेतलं, झेरॉक्सवाल्यांना घेत नाही.

"योगू, मले वाटलं..." मी म्हटलं.

"वाटलं तं वाटलं," तो म्हणाला. आवाज अगदी बारीक होता. "आता सांगून टाकलं न साऱ्या वर्ध्याले."

रोशन तंबूतून रांगत बाहेर आला आणि माझ्यासमोर बसला. "मले माहीत हाय, ताई," तो म्हणाला.

"काय माहीत हाय?"

"त्याच्या मिरगीचं. हिंगणीले हुरडा खायाले गेलतो न आम्ही, या हिवाळ्यात? तिथं पडलता तो, धरणाच्या बाजूले. मी एकटाच होतो जवळ. मी बूट हुंगवला त्याले. मंग आला शुद्धीवर."

"रोशन, चूप बे," योगू म्हणाला. पण उशीर झाला होता.

या हिवाळ्यात. मी आधी ते शब्द नुसते ऐकले. मग मला त्याचं सोललेलं कोपर आठवलं, रोशनची गाडी घसरली म्हणाला होता. त्याची जीभ आठवली. गरम हुरड्याने भाजली म्हणून तीन दिवस दहीभात खात होता, आणि तो दहीभात मीच कालवून देत होते. दाताने चावलेली जीभ आणि भाजलेली जीभ यातला फरक मला ओळखू आला नाही. आमचे दोन पोळे कोरडे गेलेच नव्हते. डॉक्टरांनी ज्या गोष्टीच्या जोरावर 'जाऊ द्या' म्हटलं ती गोष्टच खोटी होती, आणि मी मात्र दारं मोजत बसले होते.

"मेला असता," मी म्हटलं. "तिकडं डोंगरावर जाऊन मेला असता अन् आम्हाले फोन आला असता!"

"हो, मेलो असतो," योगू तंबूच्या दारातच बसून म्हणाला. "ताई, तुले सांगतलं असतं तं काय झालं असतं? आई पुन्हा पहिल्यापासून मोजाले बसली असती. पुन्हा एकट्यानं बाहेर नाई जायाचं, पुन्हा रातभर तू उठून उठून पाहाची. तुम्ही सारे दोन वर्षं पुढं आले होते. मी एका झटक्यात शून्यावर गेलो असतो. एकटा मीच." त्याने तोंड फिरवलं. "मले नाई जायाचं होतं शून्यावर."

तो खोटं बोलला होता हे खरं, आणि आम्हीच त्याला खोटं बोलायला शिकवलं होतं हेही खरं. कडी परवाच तुटली म्हणणाऱ्या घरात दुसरं काय शिकणार?

बंडूजी खाकरले. "मंग कोणता देऊ, ताई?" ते म्हणाले. माणूस वाईट नाही, पण दुकानदार तो दुकानदार.

"तो दुसरा लावा," मी म्हटलं. "रुंद, दोन दरवाज्याचा."

"आता कायले तंबू?" योगू म्हणाला. "आता कोण जाऊ देते?"

"उद्या आपण डॉक्टरकडं जाऊ. हिंगणीचं सांगू. ते गोळी बदलतीन, काय म्हणायचं ते म्हणतीन. या साली नाई जमलं तं पुढच्या साली जाजो. तंबू काई नासत नाई." मी बंडूजींना तंबू काढायची खूण केली. "अन् आईले मी सांगतो."

विदर्भात बायाही 'सांगतो' म्हणतात हे बाहेरच्यांना सांगून ठेवते, नाहीतर वाटेल घाबरून माझं व्याकरण गेलं. घाबरले होते हे मात्र खरं.

दुसरा तंबू उभा राहिला. मी दोन्ही चेना दहादा ओढून पाहिल्या, बंडूजींनी डोळे फिरवेपर्यंत. मग रोशन म्हणाला, "ताई, बूट हुंगवायचा नसते का?"

"नसते."

"मंग काय कराचं असते? मले दाखवून दे. तवा लय भेव वाटलं होतं मले. मी कोणाले इचारूबी शकलो नाई."

मला वाटलं योगू उठून निघून जाईल. अनुसयाबाई जिन्याच्या कठड्याला टेकून बघत होत्या. पण तो तंबूत सरकला आणि उताणा पडून राहिला, डोळे मिटून. रोशन दुसऱ्या दाराने आत शिरला. मी अलीकडच्या दारातून डोकं आत घातलं आणि एकेक सांगायला लागले. हातपाय धरायचे नाहीत. डोक्याखाली मऊ काहीतरी सरकवायचं. घड्याळ पाहायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर थांबायचं नाही, माणसं गोळा करायची, दवाखान्याकडे निघायचं. झटके थांबले की कुशीवर वळवायचं, म्हणजे लाळ घशात जात नाही, आणि शुद्ध येईपर्यंत जवळून हलायचं नाही.

रोशनने शर्ट काढून त्याची घडी योगूच्या डोक्याखाली सारली. मग एक हात त्याच्या खांद्यावर आणि एक कमरेवर ठेवून, भरल्या घागरीला हात लावावा तसं त्याला कुशीवर वळवलं. योगूने अंग सैल सोडलं होतं. त्याचं तोंड माझ्या बाजूला आलं. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी निघून नाकावरून खाली ओघळत होतं.

रोशन वरून वाकून पाहत होता. "ताई," तो म्हणाला, "याच्या डोयातून पाणी येऊन राह्यलं. मिरगीत येते का असं?"

"रडून राह्यलो बे," योगू डोळे न उघडता म्हणाला. "तू हात नको काढू."