काकडखिंडीची हजेरी

नवी मुंबईत महाप्याच्या त्या ऑफिसात कुणाला घाबरवायचं असलं की लोक नरकाचं नाव घेत नसत, काकडखिंडीचं घेत.

"रिपोर्ट आज आला नाही तर काकडखिंडीला पाठवीन." किंवा, "अकाउंट्समधला तो उंच माणूस दिसत नाही हल्ली?" "त्याची काकडखिंड झाली."

कंपनी मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या सांभाळायची. त्यामुळं काळं कुत्रं फिरकत नाही अशा ठिकाणी तिच्या साइट होत्या, आणि अशा गावांना नावं ठेवणं हा कामाचाच भाग होता. हिंदीवाले त्यांना झुमरीतलैया म्हणत. साताऱ्याकडचे म्हणत, 'एसटी जिथनं रिव्हर्स घेती ते गाव.' विश्वजितही साताऱ्याकडचाच, आणि त्याच्या गावातूनही एसटी रिव्हर्सच घ्यायची. ही गोष्ट मात्र तो ऑफिसात बोलत नसे.

काकडखिंड हा शब्द आला कुठून, यावर कँटीनमध्ये दोन पंथ होते. पहिला म्हणे, ती आधीच्या मॅनेजरची सासुरवाडी. दुसऱ्याच्या मते ते खरंच गाव होतं, डोंगरात, आणि तिथं पाठवलेल्या ऑफिसातल्याच दत्तूभाऊला अस्वलानं नेलं. तिथं गेलेला माणूस परत येत नाही, यावर मात्र दोन्ही पंथांचं एकमत होतं.

शुक्रवारी दुपारी नव्या मॅनेजरनं, ऋषी सरांनी, विश्वजितला केबिनमध्ये बोलावलं. ऋषी वयानं बराच लहान होता, म्हणून सगळे त्याला आवर्जून सर म्हणत. केबिनच्या मागच्या खिडकीचा पडदा नेहमीसारखा ओढलेला होता.

"विश्वजित, चांगली संधी आहे. सोमवारपासून काकडखिंड साइट."

विश्वजित हसला. सर हसले नाहीत.

"सर, कुठं आलं ते?"

"ॲपमध्ये आहे. सोमवारी साडेनऊच्या आत तिथून हजेरी लावा. नाही लागली तर नोकरी स्वतःहून सोडली असं धरलं जातं. पॉलिसी आहे, माझ्या हातात काही नाही."

खांदेश्वरला घरी आई, राहीबाई, शेंगा निवडत बसली होती. घरात दोघंच. बदली झाली एवढंच तो बोलला.

"गावाचं नाव काय?"

"काकडखिंड."

"खिंड म्हंजे डोंगर असणार. पाणी ग्वाड असंल." तिनं सूप बाजूला ठेवलं. "हितं दार उघडलं की समोर दारच. तू म्होरं हो, खोली बघ. मागनं मी येते."

"आई, लांब आहे गं."

"कुणापासनं लांब? आपल्या गावात पोरं रडली की आम्ही म्हनायचो, गप बस, न्हायतर मुंबईला धाडीन. पोरं चड्डीत मुतायची. तूबी मुतायचास."

संध्याकाळपर्यंत तिनं सोसायटीभर सांगून टाकलं की विश्वजितला साइट दिली, साहेब झाला.

ॲपमध्ये नुसतं नाव होतं, म्हणून शनिवारी विश्वजितनं नकाशात काकडखिंड शोधली. नव्हती. पनवेलच्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीत विचारलं. आतल्या माणसानं शेजारच्याला विचारलं, दोघांनी मिळून त्याच्याकडं बघितलं. नोकरीभर ज्या गावाला तो भीत आला, तेच आता सापडत नव्हतं. अस्वल असलं तरी चालेल, पण गाव असू दे, असं त्याला वाटायला लागलं.

शेवटी त्यानं तेजश्रीला फोन लावला. ती ऑफिसची सगळी सिस्टीम बघायची.

"तेजश्री, काकडखिंड कुठं आहे?"

पलीकडून मिक्सरचा आवाज येत होता. मग तो बंद झाला.

"कुठंच नाहीय. ज्यांना काढायचंय त्यांना ठेवायला साइट हवी होती. जुन्या साहेबांनी तोंडाला आलं ते नाव दिलं. माणूस गाव शोधत बसतो, हजेरी लागत नाही, आपोआप जातो. कंपनीला काढावं लागत नाही."

"म्हणजे मी गेलो."

"ऐक ना. लोकेशन टाकल्याशिवाय साइट सेव्हच होत नाही. मग साहेबांनी बसल्या जागेवरनं बटण दाबलं. ते जरा सरकून आपल्याच बिल्डिंगच्या मागं पडतं, भंगार बॅटऱ्यांच्या शेडपाशी. मी बोलले म्हणून कुणाला सांगू नकोस. माझं पण नाव टाकतील तिथं."

सोमवारी सकाळी आईनं बॅग भरून दिली. टॉर्च, घोंगडी, मच्छरदाणी, शेंगदाण्याचे लाडू. खाली वॉचमननं सलाम केला. विश्वजित रिक्षात बसून दूरच्या गावाला निघाला, आणि रोजच्याच रस्त्यानं महाप्याला पोचला.

ऑफिसचं दार टाळून तो मागं गेला. तिथं ॲसिडचा वास भरलेला असे, म्हणून कुणी यायचं नाही. शेडच्या सावलीत ताडपत्री अंथरलेली होती. तिच्यावर दाढी वाढलेला एक माणूस डबा शेजारी ठेवून मोबाइल धरून बसला होता. विश्वजितनं बॅग खाली ठेवली.

"दत्तूभाऊ?"

"आधी हजेरी लाव," दत्तूभाऊ म्हणाला. "गप्पा नंतर. त्या पाइपापाशी उभा राहा, तिथं लवकर लागते."

विश्वजित पाइपापाशी गेला. मोबाइलवर हिरवी खूण आली. 'काकडखिंड साइटवर आपले स्वागत आहे.'

"तुम्हाला तर अस्वलानं..."

"घरच्यांना वाटतं मी डोंगरात आहे. कळंबोलीला ट्रकवाल्यांच्यात भाड्यानं खाट घेतलीय. हजेरी लागते तोवर पगार येतो. एक दिवस चुकली की संपलं." त्यानं वर बोट केलं. "ती ऋषी सरांची खिडकी. पडदा कधी उघडत नाहीत. बिचाऱ्यांना भीती वाटत असेल."

विश्वजितनं वर बघितलं. पडदा जरासा हलला, आणि थांबला. आज संध्याकाळी आपल्यालाही खांदेश्वरला जाता येणार नाही, हे तेव्हा कुठं त्याच्या ध्यानात आलं. सोसायटीच्या लेखी तो साहेब होऊन काकडखिंडीला गेलेला होता.

फोन वाजला. आई.

"पोचलास का रं?"

"पोचलो."

"गाव कसं हाय?"

"शांत आहे."

"मानसं?"

दत्तूभाऊनं ताडपत्रीवर सरकून जागा केली.

"आपल्याकडचीच आहेत."

"मग मी कधी येऊ?"

विश्वजितनं फोनवर हात धरून दत्तूभाऊकडं बघितलं. दत्तूभाऊ डब्याचं झाकण काढत हळूच म्हणाला, "दसऱ्यानंतर, म्हणून सांग. मी दर वर्षी तेच सांगतो."