अल-कौसरचा अर्थ

तान्ह्या मुन्झिरला माती देऊन माणसं परतली आणि अशा घरात सगळीकडे होतं तेच त्याचा बाप रिफअत याच्याही घरी सुरू झालं. गेलेल्या लेकराबद्दल कुणी बोलेना. जो तो वंशाबद्दलच बोलू लागला.

"पोर गेलं, आता घराण्याचं नावही जाणार," थोरला भाऊ शअबान कॉफीचा घोट घेत म्हणाला. "नवालला पुन्हा मूल व्हायचं नाही म्हणतात ना डॉक्टर? मग दुसरी कर बाबा! मुलीचं काय, ती उद्या परक्या घरची."

इजिप्तमधल्या अख्मीमच्या बाजारात कापड विकणारा रिफअत तसा सालस माणूस. पण ते बोलणं त्याच्या मनात रुतलं. संध्याकाळी बायकोने, नवालने, पुढे ठेवलेलं ताट त्याने झटक्यात सरकवलं.

"तुझ्यापायी मी अबतर झालो!"

नवालचं दूध अजून आटलं नव्हतं. ओढणी छातीशी घट्ट धरून ती आत गेली. त्यांची चिमुकली लेक बदूर दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं.

रिफअत नमाजाला उभा राहिला आणि भराभर उरकून उठला. दुखवट्याला आलेली त्याची मावशी, खाला इन्साफ, कोपऱ्यात बसली होती. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं.

"नमाजात दोन्ही वेळा अल-कौसरच म्हटलीस रे?"

"कुराणातली सगळ्यांत छोटी सूरह, खाला. मन लागत नाही माझं."

"शेवटचा शब्द कोणता तिचा?"

"अबतर."

"म्हणजे?"

"तुटलेला... निर्वंश..." रिफअतची जीभ अडखळली.

"आता कळलं? जाणते सांगतात, पैगंबरसाहेबांचा लेक गेला तेव्हाची ही सूरह. बापाचे डोळे ओले होते आणि मक्केतले वैरी हसत होते, 'अबतर झाला हा, नाव घ्यायला कुणी उरलं नाही!' तेव्हा अल्लाहने त्यांना धीर दिला, 'आम्ही तुला कौसर दिलंय, उदंड दिलंय. तुझा द्वेष करणाराच अबतर.' आणि त्यांचं घराणं चाललं कुणाकडून? लेकीकडून, फातिमाबीबींकडून! आणि तू? सूरह म्हणतोस पैगंबरांची आणि तुझ्या बायकोशी बोली बोलतोस त्या वैऱ्यांची!"

रिफअत मट्कन खाली बसला. मूल गेल्यापासून तो वंशासाठीच हळहळत होता. आज पहिल्यांदाच तो मुन्झिरसाठी रडला.

मग तो आत गेला. "नवाल, चुकलो गं मी."

"करीन माफ कधीतरी," भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली. "पण मला तुमच्या खांद्यावर डोकं टेकून रडायचं होतं हो. तुम्ही मलाच गुन्हेगार ठरवलंत. ती वेळ आता कुठून परत आणाल?"

तो नुसता तिच्या पायाशी बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी शअबान एक स्थळ घेऊन आला. चारचौघांत रिफअतने बदूरला जवळ ओढलं.

"दादा, हा विषय पुन्हा काढू नकोस! मी निर्वंश नाही. मी बदूरचा बाप आहे!"

शअबान आल्यापासून कडी लावून आत बसलेल्या नवालने ते ऐकलं. तिचं रडणं थांबलं नाही. पण तिने दाराची कडी काढली.

वाचकहो, जे शब्द आपण रोज ओठांवर घोळवतो, त्यांचा अर्थ एकदा तरी स्वतःला विचारा. आणि ज्या घरात मूल गेलं आहे, तिथे वंशाच्या गोष्टी करू नका. तिथे एक आई बसलेली असते. तिच्याजवळ बसा, आणि तिला रडू द्या.