म्हाताऱ्याची जीभ

त्या वस्तीत मातीची तपासणी म्हाताऱ्याच्या जिभेवर व्हायची. सरकारी तपासणीचं ऑफिस नव्हतं असं नाही. दोन गाड्या बदलून जायचं, पिशवीतली माती खिडकीतून आत द्यायची आणि सहा महिने वाट बघायची. पहिल्या वर्षी कागद आला, नमुना मिळाला नाही असा. दुसऱ्या वर्षी आला तो भलत्याच कुणाच्या शेताचा. तिसऱ्या वर्षी मशीनवर फडकं टाकलेलं होतं, आणि खिडकीतला माणूस दात कोरत म्हणाला की दुरुस्तीवाला येणार आहे. तो दुरुस्तीवाला अजून येतोय. मग लोक म्हाताऱ्याकडे जाणार नाहीत तर कुठे जातील?

म्हातारा वीतभर खड्डा उकरायला लावायचा. तळातली चिमूटभर माती उचलायची, खडा निवडायचा, माती जिभेखाली धरायची आणि डोळे मिटायचे. मग थुंकून एकच शब्द बोलायचा. गोड, आंबट, नाहीतर मेली. आंबट म्हणाला की किती टोपल्या चुना टाकायचा तेही सांगायचा. चाळीस वर्षांत त्याचा शब्द चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्याच्या स्वभावाचा आंबटपणा मात्र कितीही चुना घातला असता तरी गेला नसता.

घरात तो, धाकटा मुलगा, धाकट्याची बायको आणि थोरली सून. थोरला मुलगा तीन वर्षांपूर्वी विहीर खणताना दरडीखाली गेला. थोरलीला मूलबाळ नव्हतं. दीर म्हणायचा, वहिनी घरातच आहेत, त्यांना वेगळं काय लागतं? दोन वेळचं जेवण आणि कोपऱ्यातली खोली एवढ्यावर बाईचं भागतं, हे कुठल्या गाढवानं ठरवलं कोण जाणे, पण ते सगळीकडे चालतं.

थोरलीच्या नवऱ्याच्या वाट्याला ओढ्याकाठचा खालचा तुकडा आला होता. माती आंबट. मका गुडघ्यापर्यंत येऊन थांबायचा, पानं जांभळी पडायची, उपटून पाहिलं तर मुळं जळक्या दोऱ्यासारखी आखूड. आंबट मातीत फोफावणारं आंबुशीचं तण मात्र सतरंजी अंथरल्यासारखं माजायचं. दिराला तो तुकडा वीटभट्टीला द्यायचा होता. भट्टीवाला कमरेइतकी माती उचलून नेतो आणि मागे मुरूम ठेवतो. पलीकडच्या वस्तीत असे तीन खड्डे झाले होते, त्यांत डासांशिवाय काही पिकत नव्हतं. थोरलीला पक्कं माहीत होतं की तुकडा खरवडला गेला की या घरात तिचं म्हणून काही उरत नाही. मग उद्या तिला चूल सोडायला सांगितली तरी कुणाला वावगं वाटणार नव्हतं.

तोडगा म्हाताऱ्यानंच काढला. ओसरीवर, शेजाऱ्यांच्या देखत, त्या तुकड्याची माती तोंडात धरून तो म्हणाला, "आंबट आहे. मेलेली नाही. दोन हंगाम चुना पाजायचा. मी गोड म्हणालो की तुकडा थोरलीच्या नावावर. नाही म्हणालो तर भट्टीला."

दीर कुरकुरला, पण बापाच्या जिभेपुढे बोलायची त्याची टाप नव्हती.

थोरली कामाला लागली. चुनकळीचे दगड गाडीतून आणायचे, ढीग लावायचा, वरून पाणी मारायचं. दगड तडतडतात, वाफ सोडतात आणि हळूहळू त्यांचं पीठ होतं. त्याला आठ-दहा दिवस द्यावे लागतात, मग चाळायचं, मगच शेतात फेकायचं. तोंडाला फडकं बांधून ती एकटी फेकत होती. बोटांची सालं निघाली, भेगांत चुना गेला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. जाऊबाई म्हणाली की नवरा गेल्यावर पांढरं फासायची हौस बरी सुचली. थोरलीनं ऐकून घेतलं. तिला तेवढंच येत होतं.

पहिल्याच हंगामात मका छातीपर्यंत आला. घेवड्याच्या मुळांना गाठी धरल्या, फोडल्या तर आतून लालसर, म्हणजे जिवंत. आणि आंबुशी गेली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिंडून तिनं जेमतेम ओंजळभर उपटली.

मग थंडीत घरात ताप फिरला. सगळे आजारी पडले, सगळे उठले. म्हातारा सर्वांत शेवटी उठला.

तो उठला त्या आठवड्यातली गोष्ट. भाजीत थोरलीनं मीठ घातलं, तिनं घातलेलं न बघता जावेनं पुन्हा घातलं. दिरानं पहिला घास थुंकला आणि दोघींच्या माहेरांचा उद्धार केला. म्हातारा शांतपणे जेवत होता. त्यानं ताट बोटानं पुसून घेतलं. दिराला वाटलं, बाप सुनांना सांभाळून घेतोय. थोरलीला तसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला बिनसाखरेचा चहा दिला. तो भुरका मारून म्हणाला, "आज छान झालाय." तिसऱ्या दिवशी कडू काढा दिला, तो त्यानं पाण्यासारखा प्यायला. ताप म्हाताऱ्याची चव घेऊन गेला होता, आणि म्हातारा ते लपवत होता.

पेरणीआधी पुन्हा चव घ्यायची वेळ आली. ओसरीवर पाच-सहा जण जमले. शेजारचा चष्मेवालाही होता, त्याचं शेत थोरलीच्या बांधाला लागून होतं. थोरलीनं खालच्या तुकड्याची माती आणून समोर धरली. म्हाताऱ्यानं ती तोंडात घेतली, डोळे मिटले. नेहमीपेक्षा फार वेळ मिटले. थोरलीच्या लक्षात आलं की तो चव घेत नाहीये, शब्द शोधतोय.

"अजून आंबट आहे," तो म्हणाला. "चुना दुप्पट."

त्याला ते निर्धोक वाटलं असणार. गोड म्हटलं आणि पीक बसलं तर अब्रू गेली. आंबट म्हणायला काय जातं? चष्मेवाल्यानं आपल्या शेतातल्या मातीचीही मूठ पुढे केली. त्यालाही तेच उत्तर मिळालं.

थोरलीनं तिथं बोलायला हवं होतं. आंबुशी गेली हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. माती सुधारली होती, आणि आता चुना म्हणजे बरा झालेल्या माणसाला पुन्हा औषध ढोसणं. पण म्हाताऱ्याची जीभ मेली असं एकदा सांगितलं, की मग तुकड्याला गोड कोण म्हणणार? दीर त्याच दिवशी भट्टीवाल्याला घेऊन आला असता. म्हणून ती गप्प बसली. गरज होती तोवर तिनं मेलेली जीभ जिवंत ठेवली. बाईवर अन्याय झाला म्हणून ती दरवेळी बरोबरच असते, असं काही नाही.

पेरणी तोंडावर आली होती. चुना विरायला आठ दिवस कुठले, तीन दिवसांत ढीग फोडला. चाळायला वेळ नव्हता, खडे तसेच मातीत गेले. चष्मेवाल्याकडे चुन्याच्या टोपल्या कमी पडल्या, त्या तिनंच नेऊन दिल्या.

मका उगवला तो आजारी. पानांच्या शिरा हिरव्या आणि मधली पट्टी पिवळी, मग पांढुरकी. घेवडा तर चार पानांवर वाळला. बांधाच्या अलीकडे आणि पलीकडे, दोन्हीकडे एकच रंग.

चष्मेवाला एका दुपारी मक्याचं पिवळं ताट मुळासकट घेऊन ओसरीवर आला. म्हाताऱ्यानं मुळाची माती तोंडात घातली. थोरली दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"कमी पडला," म्हातारा म्हणाला. "अजून चुना टाक."

चष्मेवाल्यानं मान हलवली आणि तो पायरी उतरायला लागला. तो खरोखरच चुना आणायला निघाला होता.

"टाकू नका," थोरली म्हणाली. "मामंजींच्या जिभेला चव नाही. थंडीतल्या तापापासून नाही."

म्हाताऱ्यानं तोंडातली माती थुंकली नाही.

चष्मेवाल्यानं चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. "तुम्हाला कधी कळलं?"

"पेरणीच्या आधी."

"आणि टोपल्या तुम्ही आणून दिल्यात."

त्यानं ताट पायरीवर ठेवलं आणि तो निघून गेला. शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

त्यानंतर ओसरीवर माती घेऊन कुणी आलं नाही. म्हातारा बोलायचा थांबला. समोर येईल ते खायचा, पुढ्यातून उचललं की उठायचा. दिरानं मात्र वेळ घालवला नाही. तिसऱ्या दिवशी भट्टीवाला तुकड्यावर हजर होता, पान चघळत, काठीनं माती उकरत. दीर मोठ्यानं म्हणाला की वहिनींनीच स्वतःच्या हातानं सोक्षमोक्ष लावला, आता कुणाची जीभ मधे येत नाही. थोरली बांधावर बसून होती. अडवायला तिच्याजवळ काही शिल्लक नव्हतं.

भट्टीवाला धंद्याचा पक्का. सगळी माती उचलण्याआधी त्यानं गाडीभर नेली, विटा थापल्या, वाळवल्या, भाजल्या. लाल, खणखणीत निघाल्या. दीर दोन दिवस शीळ घालत फिरत होता. मग हवेतला ओलावा विटांना लागला. मातीत राहिलेले चुन्याचे खडे भट्टीत भाजून निघाले होते, ते आतल्या आत फुगले. विटांवर पांढरे फोड आले, फोडांच्या खपल्या उडाल्या, आणि आठवड्याभरात अर्ध्या विटा उभ्या चिरल्या.

भट्टीवाल्यानं चिरलेल्या दोन विटा आणून ओसरीवर आपटल्या. ही माती फुकट दिलीत तरी नको, म्हणाला. दिरानं त्यातला एक तुकडा उचलून थोरलीच्या खोलीच्या दारावर भिरकावला.

"घ्या वहिनी, तुमची जमीन. घाला उशाला."

अशा रीतीनं खालचा तुकडा वाचला. कागद कुणी केला नाही, नाव कुणी लावलं नाही. तो कुणालाच नको होता म्हणून तिच्याकडे राहिला, जशी ती त्या घरात राहिली होती तशीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खुरपं घेऊन खाली गेली. मागून काठीचा आवाज आला. म्हातारा चालत आला होता, बोलावल्याशिवाय. तो बांधावर बसला आणि त्यानं काठीच्या टोकानं एक जागा दाखवली. तिनं वीतभर उकरलं. तळाची चिमूट घेतली, खडा निवडला, आणि कधी केलं नव्हतं ते केलं. माती स्वतःच्या जिभेखाली धरली.

साबण चाटल्यासारखं लागलं. कडवट, बुळबुळीत, जिभेला चरचरणारं. याला गोड म्हणतात की मेलेलं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"कशी आहे?" म्हाताऱ्यानं विचारलं. कित्येक दिवसांत तो पहिल्यांदा बोलत होता.

ती थुंकली. बांधापलीकडे चष्मेवाला पिवळी ताटं उपटून ढीग घालत होता. म्हाताऱ्याच्या आवाजासरशी त्याचा हात थांबला, पण त्यानं वर पाहिलं नाही. तो ऐकत होता.

"मेलेली नाही," ती म्हणाली.

खरं की खोटं, तिला ठाऊक नव्हतं. म्हाताऱ्यानं मान हलवली, चाळीस वर्षं लोकांनी त्याच्यापुढे हलवली होती अगदी तशी. पलीकडे ताटं उपटण्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.