चालता चालता राम राम

खुशाल पडायचा तो नेमका लोकांच्या देखत. एकदा गावच्या चावडीपुढे, एकदा गोंदियाजवळच्या गोरेगावच्या बाजारात वांग्यांच्या ढिगावर, आणि परवा तलावाच्या पाळीवर, बायका कपडे धूत असताना. एकटा असताना म्हणून कधी पडला नाही. अशा माणसाबद्दल गाव काय म्हणणार? बाटली पुन्हा सुरू झाली, म्हणालं.

प्रेमिलालाही तेच वाटत होतं. नवऱ्याने आजवर रिचवलेल्या मोहाच्या दारूत शेतातल्या तळ्याएवढी एखादी बोडी भरली असती. दिवाळीनंतर मेंदूला हलका झटका आला, तेव्हा कुठे त्याने तिला शब्द देऊन बाटली सोडली. हातपाय लवकरच जागेवर आले, शब्द पाळला असं तीही मानू लागली, आणि तेवढ्यात हे पडणं. ती रोज त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. वास यायचा नाही. मग पेरूची पानं चघळून आला असेल, असं ती ठरवून टाकायची. संशयाचं पुराव्यावाचून काही अडत नाही.

"मी नाई पेलो," खुशाल म्हणायचा.

"मंग पडता काऊन?"

ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

शेवटी तिने सांगून टाकलं. तिरोड्याला तपासून घेऊ. अंगात खोट निघाली तर इलाज करू. नाही निघाली तर ती नागपूरला मुन्नाकडे, थोरल्या पोराकडे, जाणार आणि परत येणार नाही. प्रेमिला बोलली म्हणजे करणार, हे खुशाल चांगलं जाणून होता.

तिरोड्याच्या दवाखान्यात तोल तपासणारी रीता मॅडम गोंदियाची, तरुण, निम्मं हिंदीत बोलणारी. खुर्चीवरून उठायचं, फरशीवरच्या पट्टीपर्यंत चालायचं, वळून येऊन बसायचं; ती घड्याळ लावणार. मग एका पायावर उभं राहायचं, मग डोळे मिटून. मध्ये कोणी बोलायचं नाही, बोललं की आकडा बिघडतो. खुशालने सगळं बिनचूक केलं. रीताने शेजारच्या खोलीतून हिमांशु सरांना बोलावलं आणि आपला आकडा न सांगता त्यांना पुन्हा मोजायला लावलं. आकडा तोच आला.

"काका, आपका बॅलन्स तो एकदम बढिया है," रीता म्हणाली. "दोघांनी मोजलं, फरक नाही. पडायचं काही कारणच दिसत नाही."

खुशालचा चेहरा उतरला. प्रेमिलाने पिशवी उचलली.

"घ्या. आता तं दवाखानाच सांगून राहिला."

"अजून एकडाव पाहा ना, म्याडम," खुशाल परत खुर्चीत जाऊन बसला. "नीट पाहा."

नापास होण्यासाठी विनवण्या करणारा पेशंट रीताने आजवर पाहिला नव्हता. तिने पुन्हा घड्याळ लावलं. तो निम्म्या वाटेत असताना पडदा सारून गोपीचंद आत आला. हा त्यांच्या पोरीचा, टीनाचा सासरा. गुडघा दाखवायला आलेला.

"राम राम इवाई! बरे आहा ना?"

व्याह्याचा राम राम न घेता पुढे जाणारा माणूस त्या भागात अजून जन्मायचा आहे. खुशालने चालता चालता हात जोडले, "राम राम जी, टीना..." एवढं म्हणाला आणि पायात पाय अडकला. रीता धावली नसती तर कपाळ खुर्चीवरच आपटलं असतं.

गोपीचंदने प्रेमिलाकडे वळून हळूच विचारलं, "सकाळीच का जी?"

पहाटेपासून प्रेमिलाने नवऱ्याला नजरेआड होऊ दिलं नव्हतं. पाण्याचा घोटसुद्धा तिच्या हातचा होता.

रीताने त्याला परत चालवलं. गप्प चालला तेव्हा ठीक चालला. मग तिने मध्येच विचारलं, घरी बैल किती, त्यांची नावं काय. एका बैलाचं नाव सांगेपर्यंत तो झोकांडला.

"झटक्याचं राहिलंय हे," ती म्हणाली. "चालणं आणि बोलणं एका वेळी झेपत नाही मेंदूला. आम्ही मोजलं ते बरोबर मोजलं, पण मोजला तो मुकाट्याने चालणारा माणूस. असा माणूस तुमच्या गावात आहे कुठे?" व्यायामाने सुधारेल, असं तिने सांगितलं. तोवर बोलायचं असेल तर आधी थांबायचं.

एसटी स्टँडकडे जाताना खुशाल आज्ञाधारकपणे गप्प होता. प्रेमिलाच्या मनात मात्र शेताहून येणारा खुशाल उभा राहिला. तो अंगणात पाय टाकतो न टाकतो तोच ती दारातून विचारायची, "पेऊन आले का?" तो "नाई" म्हणता म्हणता अडखळायचा, आणि ते अडखळणं हेच ती उत्तर समजायची. रोज संध्याकाळी.

तिला स्वतःचीच लाज वाटली. तोंड उघडणार तोच तिच्या ध्यानात आलं, आपण बोललो की हा उत्तर देणार. आजवर तिचा एकही प्रश्न त्याने तसाच सोडलेला नव्हता.

"थांबा जी," ती म्हणाली. तो थांबला. तिने त्याचा हात धरून विजेच्या खांबावर नीट टेकवला, आणि मग बोलली.

"मीच पाडून राहिली होती तुमाले."