साहेबांच्या घरातलं पाणी

"पाणी थांबू दे, मग रेघ मार," अंगणाच्या त्या टोकाहून बाबा ओरडले. कामापुरत्या वर टाकलेल्या पत्र्यावर पाऊस वाजत होता, त्यामुळे ओरडल्याशिवाय ऐकू जात नव्हतं.

पाणी भरलेल्या पारदर्शक नळीचं एक टोक त्यांच्या हातात होतं, दुसरं माझ्या. नळीतलं पाणी स्थिर झालं की दोन्ही टोकांना एकाच उंचीवर येतं. तिथे भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढायची आणि रेघेपासून खाली मोजून फरशी बसवायची. पंचेचाळीस वर्षं बाबांनी लोकांच्या घरांत हेच केलं. दुसरं टोक धरायला नेहमी काका असायचे, त्यांचे कामातले जोडीदार. त्या रविवारी काका बाहेरगावी होते आणि मी सहज भेटायला आले होते. दादाही घरी नव्हता.

घर मात्र माणसाचं नव्हतं. साहेबांचं होतं. साहेब म्हणजे आमचं कासव. किती हाका मारा, येणार ते आपल्या सवडीने, म्हणून हे नाव. घर सोडून जाताना एका गिऱ्हाइकाने ते बाबांच्या ओटीत घातलं, त्यालाही वीस वर्षं झाली. हे जमिनीवरचं कासव. त्याला ओल सोसत नाही. पावसात त्याच्या कुंपणातल्या मातीचा चिखल व्हायचा, म्हणून बाबा तिथे फरशी घालत होते. त्याच्या खोपटाकडून माझ्या बाजूच्या मोरीकडे दोन बोटांचा उतार द्यायचा होता.

"कासवाला एवढी मापं?" मी म्हटलं. "अंदाजाने टाका की."

"साहेबांच्या फायली भिजल्या तर माझी बदली होईल!" बाबा हसले. "दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतेस ना गं? मग एक रेघ सरळ मार."

मी मुद्रितं तपासते. माझा फोन खिशात तिसऱ्यांदा थरथरला. छापखान्याला पानं हवी होती. नळीतलं पाणी अजून वरखाली होत होतं. ते वर आलं तेव्हा मी रेघ मारून टाकली.

"थांबलं होतं का?"

"हो."

"नक्की?"

"बाबा, हो म्हटलं ना!"

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. दुपारभर गुडघ्यांवर बसून ते फरशा ठोकत राहिले. मी निघाले तेव्हा ओल्या फडक्याने सांधे पुसत होते. "उद्या सिमेंटने धरलं की पाणी ओतून बघतो," म्हणाले. मी छत्री उघडत बरं म्हटलं.

सकाळी चपला घालायला ते पायरीवर बसले आणि उठलेच नाहीत.

पुढचे दिवस माणसांत गेले. पाऊसही होताच. फरशीचं काम होईपर्यंत म्हणून खोक्यात ठेवलेलं कासव रात्रंदिवस पुठ्ठ्यावर धडका देत होतं, म्हणून दादाने त्याला कुंपणात सोडलं. मग त्याच्याकडे बघायचं कुणालाच सुचलं नाही. नवव्या दिवशी मी पाला घेऊन गेले. खोपटात चार बोटं पाणी साचलं होतं. कासव कोपऱ्यात विटेवर पुढचे पाय टेकून, मान ताणून उभं होतं. नाकाशी बुडबुडे येत होते.

"छातीत ओल गेलीय," जनावरांच्या डॉक्टर म्हणाल्या. "कोरड्यात ठेवा, ऊब द्या. मग बघू."

मी कपड्यांच्या टोपलीत रद्दी अंथरली, वर दिवा लावला. पाणी मोरीकडे न जाता मागे का फिरलं, हे मला कुणी सांगायला नको होतं. मी मात्र कुणालाच काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका आले. त्यांनी मोरीपाशी तांब्याभर पाणी ओतलं. ते निवांतपणे खोपटात गेलं. काका उकिडवे बसले आणि त्याच जागी आणखी एक तांब्या ओतला. तेही गेलं.

"बाबांचा हात गेला होता हो, काका," दादा म्हणाला. "मी कधीचा म्हणत होतो, आता बास करा."

"हात असा जात नाही रे."

"मग हे काय?"

काकांनी ओली बोटं धोतराला पुसली. मग हळू आवाजात म्हणाले, "गेला असेल. एकट्यानेच इकडून तिकडे धावत दोन्ही टोकं धरली असतील. हट्टी माणूस. दोन दिवस माझ्यासाठी थांबायला काय झालं होतं?" त्यांनी दादाकडे पाहिलं. "कुणाला दाखवलं नाहीस ना?"

"नाही. का?"

"संध्याकाळी आपली मंडळी भेटायला यायचीयेत. सगळे फरशीवालेच. कुठेही गेले तरी आधी खाली बघतात मेले. चाळीस वर्षं मी सांगत आलो, याच्याकडून डोळे मिटून काम करून घ्या. ते यायच्या आत फोडून टाकतो. नंतर विचारलं तर म्हणायचं, काम अर्धंच राहिलं."

त्यांनी सांध्यावर छिन्नी टेकवली. फरशी फुटली की काहीच उरणार नव्हतं. बाबांची समजून ते झाकत होते ती चूकही नाही, आणि ती माझी होती याची खूणही नाही. दादा तुकडे भरायला घमेलं घेऊन आला. काकांनी हातोडा उचलला. त्यांचं तोंड कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं होतं.

"काका, थांबा."

दोघांनी वर पाहिलं.

"दुसरं टोक मी धरलं होतं. पाणी हलत होतं, तरी मी रेघ मारली. बाबांनी दोनदा विचारलं, थांबलं का म्हणून. दोन्ही वेळा मी हो म्हणाले. बाबांचं काही चुकलं नव्हतं. आज फोडू नका. येऊ देत सगळ्यांना, बघू देत. मी सांगते त्यांना."