प्राणगती यंत्र आणि छावणीचा चढ

चारा छावणीच्या मैदानात त्या दिवशी जनावरांपेक्षा माणसं जास्त जमली होती. पाण्याचा टँकर येऊन उभा राहिला तरी घागर घेऊन कुणी उठेना. सगळ्यांच्या माना एकाच बाजूला. तिथं ट्रकच्या जुन्या सीटवर गतीमहाराज बसले होते. हातात पाना, गळ्यात स्पार्क प्लगांची माळ, आणि पुढ्यात हार घातलेली आमच्या गावच्या निवृत्तीची जुनी पांढरी मोटार.

मी कीर्तनातला टाळकरी. टाळ ऐकला की पाय तिकडं वळतात. महाराजांच्या शिष्यांनी टाळ धरले होते, म्हणून मीही पुढच्या रांगेत जाऊन बसलो, हे आधीच कबूल करतो.

"इंजिनालाबी प्राण असतो, माउली," महाराज सांगत होते. "प्राणाला गाठ पडली की गाडी तेल पिती आन् चढाला धापा टाकती. आमचं प्राणगती यंत्र ती गाठ सोडवतं. तेल निम्मं, ओढ दुप्पट. बारा वर्षं हिमालयाच्या गुहेत बसलो, तवा गवसलं."

"गुहेत गाडी कुणाची व्हती?" मागून जाईबाईंनी विचारलं. आमच्या चौसाळ्याच्या डेअरीत दुधाचं फॅट मोजणाऱ्या या बाई.

"बाई, मधी बोलू नका," सर्जेरावांनी दटावलं. ते सोसायटीचे चेअरमन. देहानं भारदस्त, आणि आपल्या ट्रॅक्टरला यंत्र बसवायचं त्यांनी ठरवूनच टाकलेलं.

निवृत्तीची गोष्ट मात्र निराळी होती. त्याच्या बायकोला, भामाबाईला, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बीडला न्यावं लागे. मागच्या खेपेला मांजरसुंब्याचा घाट उतरताना मोटार घसरत कठड्यापर्यंत गेली होती. टायर गुळगुळीत, ब्रेक झिजलेले. ते बदलायला त्यानं दोन शेळ्या विकल्या होत्या. महाराजांनी यंत्राची दक्षिणा सांगितली, ती नेमकी त्या शेळ्यांच्या पैशांएवढीच.

"महाराज, टायरचं काय करू?" त्यानं हात जोडून विचारलं.

"टायर कावून बदलतो, बे? यंत्र बसल्यावर गाडी रस्त्याला टेकती कुठं?"

मग प्रचिती सुरू झाली. आधी यंत्राविना. निवृत्तीच्या मोटारीत साक्षीला म्हणून पाच जण कोंबले, त्यात सर्जेराव पुढच्या सीटवर. ऊन मी म्हणत होतं, म्हणून एसी जोरात. देवळाच्या चढावर अर्ध्यात, बाभळीपाशी गाडीनं मान टाकली. बायका हळहळल्या.

गाडी खाली आली. शिष्यानं मंत्र म्हणत चारी चाकांना पंपानं वायुदान केलं. डॅशबोर्डवरच्या चार्जिंगच्या भोकात महाराजांनी एक काळी डबी बसवली. हिरवा दिवा लुकलुकू लागला.

"यंत्र जागं झालं," महाराज गंभीर झाले. "जागत्या देवासमोर पाय सोडून कोण बसणार?"

जिभा चावत पाचही जण उतरले. सर्जेरावांनी तर उतरून चपला काढल्या. डॅशबोर्डवर उदबत्ती लावली, ती विझू नये म्हणून एसी बंद केला. एकटा निवृत्ती निघाला, आणि मोटार बाणासारखी चढ चढून गेली. मैदान दणाणलं. मीही शिष्याच्या हातातला टाळ घेऊन वाजवला.

निवृत्ती परत आला, खिशात हात घालू लागला.

"दादा, थांबा जरा," जाईबाई पुढं आल्या. "डेअरीत एकाचं दूध ढवळून घेतलं आन् दुसऱ्याचं वरवरचं, तर फॅट बरुबर येईल का? मग हितं पहिल्या खेपेला सहा माणसं आन् दुसरीला एकच, आसं कावून?"

"आमी यंत्राचा मान राखला," सर्जेराव म्हणाले.

"राखा की. पर मानासंगं तुमचं वजनबी उतरलं, चेअरमन."

लोक हसले. महाराज हसले नाहीत. "शंका घेतली की यंत्र रुसतं, बाई."

"रुसू द्या. मला दोन सुना हायत, समजूत काढायची सवय हाय."

खऱ्या कीर्तनात शंका विचारणाऱ्याला बुवा पुढं बोलावून बसवतात. इथं महाराज शिष्यांना डोळ्यांनी खुणावत होते. मी टाळ खाली ठेवला.

जाईबाईंनी तेच पाच जण पुन्हा बसवले. यंत्र आत, दिवा लुकलुकता, एसी चालू. मोटार बाभळीच्या दोन हात पुढं जाऊन थांबली. ते दोन हात तेवढे वायुदानाचे. मग बाईंनी यंत्र काढून स्वतःच्या मुठीत धरलं, सगळ्यांना उतरवलं, एसी बंद केला. मोटार सरळ देवळापाशी.

"गुण उरलाय गाडीत," महाराज घाईनं म्हणाले.

"मग तिसऱ्या खेपेला कुठं गेलता त्यो गुण? तवा तर यंत्र आतच व्हतं."

महाराज पाना तिथंच टाकून जीपकडं सरकले. त्यांच्याच पान्यानं सर्जेरावांनी डबी फोडली. आत एक बारका दिवा, त्याला दोन तारा, आणि हाताला जड लागावी म्हणून सिमेंटचा गोळा. दिव्यापलीकडं काही नाही. चपला पायात घालून सर्जेराव गुपचूप ट्रॅक्टरकडं गेले. महाराजांची जीप त्याआधीच हायवेला लागली होती.

दुसऱ्या दिवशी निवृत्तीनं टायर आणि ब्रेक बदलले. मेस्त्री म्हणाला, "एअर फिल्टर साफ ठेवा, चाकांची हवा बघत जा, गाडीची ओढ हाय तेवढी ऱ्हाईल. पर आधी गाडी थांबली पायजे." त्याच आठवड्यात घाटाच्या वळणावर समोरचा टँकर अचानक उभा राहिला, आणि निवृत्तीची मोटार त्याच्या चार हात मागं जागच्या जागी थांबली. भामाबाईनं छातीवरचा हात काढला आणि नवऱ्याला म्हणाली, "चला आता, नंबर जाईल."

मंडळी, मी आजही रोज देवापुढं उभा राहतो आणि एकादशीला टाळ घेतो. त्यासाठी मला अक्कल देवळाबाहेर काढून ठेवावी लागत नाही. तुम्हीही ठेवू नका. कुणी चमत्कार दाखवला तर हात जरूर जोडा, पण जोडण्याआधी एवढं सांगा: महाराज, पुन्हा एकदा करून दाखवा, आणि या खेपेला आम्ही गाडीतून उतरणार नाही.